क्लचप्लेटची गवाही

आमच्या भागात शाळा सुटलेल्या पोरापुढे फार वाटा नसत. एक फळांच्या हातगाड्याकडे जाई, दुसरी गॅरेजकडे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, त्यात मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यांत वाहनदुरुस्तीचेही नाव होते. पेपरात ते वाचून आम्हा दोघा भावांना हसू आले. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गपासून उमरग्यापर्यंत कुठल्याही गॅरेजच्या दारात तासभर उभे राहिले असते तरी हे कळले असते. आम्हीही त्याच रस्त्याने आलो. हा रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ होता, आता ६५ आहे. आकडा बदलला, ट्रकचे दुखणे तेच राहिले.

ट्रकच्या दुखण्यांत क्लचचे दुखणे आम्हाला सगळ्यात नाजूक वाटते. तसे पाहिले तर रचना साधी आहे. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरते. क्लचप्लेट तिच्यावर प्रेशर प्लेटच्या दाबाने चिकटून राहते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेते. ड्रायव्हरने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटची फिंगर दाबते, प्लेट मोकळी होते, गिअर पडतो. मग नाजूक काय? क्लच जळाला की पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ असा नसतो, ‘कोणी जाळला’ असा असतो. आणि मालकाच्या मनात त्याचे उत्तर आधीच तयार असते: ड्रायव्हरने. नव्या प्लेटचे पैसे मग त्या गरिबाच्या पगारातून कापले जातात.

आमचे उस्ताद फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांचा एक कायदा होता. गाडी आली की पान्याला हात लावायचा नाही. आधी ड्रायव्हरला चहा द्यायचा आणि विचारायचे, ‘‘क्या होरा, पैले तुम बोलो.’’ ते म्हणत, गिअरबॉक्स उतरवला की अर्धा पुरावा पुसला जातो. पेडलचा मोकळा खेळ, आवाज, गाडीचा स्वभाव हे सगळे गाडी जोडलेली असतानाच कळते. एकदा नटबोल्ट तसराळ्यात पडले की मग मिस्त्री सांगेल तेच खरे.

ड्रायव्हर म्हणतो, ‘‘मामू, गाडी ओढत नाही.’’ एवढ्यावर क्लच खोलायचा नसतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिनाचा आवाज चढतो का, हे विचारायचे. आवाज चढतो आणि गाडी मात्र तिथेच रेंगाळते, तर क्लच घसरतो आहे. आवाजच चढत नसेल तर दोष डिझेलच्या फिल्टरमध्ये किंवा पंपात शोधा. चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, एखादा तापलेला असेल तर ब्रेकच धरून बसला आहे. बिचाऱ्या क्लचचा त्यात काही गुन्हा नाही.

खात्री करायची एक जुनी रीत आहे. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका, इंजिनाला थोडी गती द्या आणि पेडल हळूहळू सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन गुदमरून बंद पडते. ते खुशाल फिरत राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यायची. तीन-चारदा घेतली तर परीक्षाच प्लेटला जाळते.

दुसरे दुखणे याच्या उलट: क्लच सुटतच नाही. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरतो, रिव्हर्सला तर दात वाजतात. इथे उस्ताद इंजिन बंद करायला लावत. बंद इंजिनावर सगळे गिअर लोण्यासारखे पडले, तर दोष क्लच न सुटण्याचा. बंद इंजिनावरही अडले, तर गिअरचे लिंकेज किंवा आतली फोर्क तपासा. तेलावर चालणारा क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा भराभर मारा. त्याने गिअर पडू लागला तर लाइनीत हवा आहे किंवा सिलिंडरचा वॉशर गेला आहे. हे काम थोडक्यात भागते, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची गरज नसते. २०२० च्या लॉकडाऊननंतर तर नवीनच तऱ्हा पाहिली. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या प्लेटा गंजाने फ्लायव्हीलला चिकटून बसल्या होत्या. झिजलेले काहीच नव्हते.

आवाजाचेही तसेच. पेडल दाबल्यावर किरकिर सुरू झाली तर बहुधा रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेले असताना, न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग. गाडी उचलताना थरथरते, तर प्लेटवर तेल आले असेल, फ्लायव्हील तापून तिच्यावर डाग पडले असतील, नाहीतर इंजिनाचे माउंटिंगच ढिले असेल. माउंटिंग बाहेरूनच दिसते, म्हणून ते आधी पाहायचे.

एवढे सगळे झाल्यावर आणि खोलायचीच वेळ आली तर प्लेट बोलू लागते. मात्र तिचे बोलणे नीट ऐकावे लागते. जळालेली प्लेट एवढेच सांगते की ती घसरली. का घसरली हे तिच्या शेजारचे सांगतात. प्लेट तेलाने माखलेली असेल तर क्रँकच्या मागचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढचे ऑइल सील गेले आहे. त्यात ड्रायव्हरचा पाय कुठेच येत नाही. प्लेट जळाली, पण बेअरिंग आणि फिंगरची टोके चांगली आहेत, तर जास्तीच्या वजनाचा संशय घ्यावा. बेअरिंग खाल्ले गेले, फिंगरची टोके घासून चकचकीत झाली, तर पेडलवर सतत दाब होता. पण तो दाब ड्रायव्हरच्या पायाचा होता की पेडलला मोकळा खेळच उरला नव्हता? प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होत जातो, आणि वेळेवर कोणी जमवला नाही तर बेअरिंग कायम टेकून राहते. म्हणून तो खेळ खोलण्याआधी मोजलेला असला पाहिजे. उस्तादांचा कायदा कशासाठी होता, ते आम्हाला इथे समजले.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे उसाचा हंगाम सुरू होतो. गाड्या फडातून भरून कारखान्याकडे निघतात. काळ्या मातीतला फड, वाफ्यातून बाहेर काढायची गाडी आणि दोरांनी बांधलेला मणामणांचा ऊस. अशा वेळी क्लच जळाल्याचा वास रस्त्यावरूनच येतो. अशाच एका हंगामात एक मालक गाडी ओढून घेऊन आला. ड्रायव्हर शेजारच्या बीड जिल्ह्यातला, वयाने आमच्याहून मोठा. मालक म्हणाला, ‘‘मिस्त्री, यानं हाफ क्लचवर चालवून प्लेट खाल्ली. बिल करा, मी याच्या हिशोबात धरतो.’’ ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता. आम्ही पेडलचा खेळ पाहिला, बरोबर होता. गिअरबॉक्स उतरवला. प्लेट तेलाने चिंब, क्रँकच्या सीलमधून धार लागलेली, खालच्या पत्र्यावर जुन्या तेलाचा थर. हा थर एका दिवसात साचत नाही. आम्ही प्लेट पुसली नाही. तशीच पोत्यावर ठेवली आणि मालकाला बोलावले. ‘‘मालक, बोट लावून पाहा,’’ एवढेच म्हणालो. त्यांनी बोट लावले, वास घेतला, काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तुम्ही ड्रायव्हर लोकांचीच बाजू घेता.’’ पण पैसे त्यांनी कापले नाहीत. त्यांची गाडी मात्र पुन्हा आमच्याकडे आली नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. आमच्या मामूंचा मुलगा सोलापूरच्या एका मालकाच्या गाडीवर होता. तुळजापूरच्या घाटात क्लच गेला. मालकाने गाडी मुद्दाम आमच्याकडे आणली. म्हणाला, तुमचाच माणूस आहे, तुम्हीच सांगा. पेडलचा खेळ बरोबर होता. आतून बेअरिंग खाल्लेले, फिंगर घासलेले, तेलाचा थेंब नाही. गाडीत भरलेला माल ठरल्या वजनाचा. पोराला पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय होती, हे आम्हालाही माहीत होते. अम्मी घरात म्हणाल्या, ‘‘वजन ज्यादा था बोल देव, कौन देखने जाता?’’ आम्ही तसे बोललो नाही. जे दिसले ते सांगितले. मालकाला एवढे विचारले की सगळे पैसे एकदम न कापता हप्त्याने घ्या. ते त्यांनी मान्य केले. त्या वर्षीच्या ईदला मामू आमच्याकडे आले नाहीत.

गवाही आपल्या माणसाच्या विरुद्ध द्यावी लागली तरी खरी द्यावी, हे आपण सगळे लहानपणी मदरशात शिकलो आहोत. गॅरेजच्या खड्ड्यात, काळ्या हातांनी ती देताना तिचे वजन कळते. ड्रायव्हरकडे वकील नसतो, मालकाकडे वेळ नसतो. दोघांमध्ये एक मिस्त्री असतो आणि त्याच्या हातात एक जळकी प्लेट. तो काय म्हणतो यावर एखाद्या घरचा महिन्याचा किराणा ठरतो.

कोणाची चूक हे कोणीच विचारले नाही, असे दिवसही आम्ही पाहिले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लोहारा, उमरगा भागात पत्रे, धान्य, कपडे घेऊन दूरदूरचे ट्रक आले. पाऊस, चिखल, कच्चे रस्ते. चिखलातून निघताना गाड्यांचे क्लच जळत. आम्ही तेव्हा पोरसवदा, उस्तादांच्या हाताखाली कंदील धरून उभे. त्यांनी त्या गाड्यांची मजुरी घेतली नाही. पण पेडलचा खेळ मोजल्याशिवाय एकही गिअरबॉक्स उतरवला नाही.

आता १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या. लॅपटॉप जोडला की बिघाडाचा नंबर पडद्यावर येतो. आम्हीही धाकट्याला ते शिकायला पाठवले, शिकलेच पाहिजे. पण तेल आतल्या सीलमधून येते आहे आणि ते केव्हापासून येते आहे, हे त्या नंबरात नसते. उस्तादांचे ज्ञान दखनीत होते, तोंडी होते, कुठल्या मराठी पुस्तकात उतरले नाही. ते गेले तेव्हा बरेच काही त्यांच्याबरोबर गेले. उरले तेवढे आम्ही इथे लिहिले. गॅरेजमध्ये नव्या आलेल्या पोराला आम्ही जुनी प्लेट फेकू देत नाही. ती पोत्यात बांधून मालकाच्या हाती द्यायची आणि ड्रायव्हर समोर असतानाच द्यायची.