दोघांपुरती शेकोटी

गेल्या माघात आमच्या लग्नाला वीस वर्षे पूर्ण व्हायची होती. त्याआधी पंधरा दिवस मी सौ.ला मोठ्या उदारपणे विचारले, "बोल, कुठल्या हॉटेलात जायचं?"

"हॉटेल नको," ती म्हणाली. "उघड्यावर शेकोटी पेटवून, तिच्यापाशी बसून जेवावंसं वाटतं. दोघांनीच."

गिरगावातल्या चाळीत 'दोघांनीच' हा शब्द जरा चमत्कारिक वाटतो. दोन खोल्या, आई, मुलगी, आणि बाहेर अख्ख्या मजल्याची सामाईक गॅलरी. आमचे भांडणसुद्धा आजवर दोघांत मिटलेले नाही. शेजारच्या काकू मध्यस्थीला येतात. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मी आधी शब्दांत शोध घेतला. वनभोजन, आवळीभोजन, आगटीभोवतीचा हुरडा, सारा गोतावळ्याचा मामला! 'एकांत' म्हणावे, तर त्यातही एकच, दोघे नाहीतच.

मग जागा शोधली. चाळीची गच्ची? सारी चाळ सागवानी लाकडाची. तिथे विस्तव नेणे म्हणजे शंभर वर्षांचे घर पणाला लावणे. शिवाय परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेली आग मुंबईकर विसरलेला नाही. जेवायला आलेली १४ माणसे त्यात गेली. चौपाटी? त्या वाळूवर १९२० साली लोकमान्यांची चिता पेटली, तिच्याभोवती लाखो माणसे होती. आम्हां दोघांच्या शेकोटीभोवती मात्र पोलीसच जमले असते. दादरच्या किनाऱ्यावर तर एका बाकावर तीन जोडपी बसतात. विस्तव करायचा कुठे?

"राहू दे," मी म्हणालो. "गॅलरीत मेणबत्ती लावू."

ती हसली नाही. "अहो, आगीपुढे माझा जन्म गेला," ती म्हणाली. "पण आगीपाशी नुसतं बसले कधीच नाही."

सौ. परळची. तिची आई खाणावळ चालवी. गावी बायकामुले ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना गिरणगावातल्या अशाच बायका जेवू घालीत. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा सौ. पाळण्यात होती. जेवणाऱ्यांचे पगार थांबले, बरेचजण गावी गेले. उरलेल्यांना सासूबाईंनी उधारीवर वाढले. खाणावळ लहान झाली, पण बंद पडली नाही. दहाव्या वर्षापासून ही स्टोव्हपुढे पोळ्या लाटायला बसू लागली. पुढे गिरगावात आली, ती आमच्या शेगडीपुढे. हे सारे मला माहीत होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

मी ठरवले, या खेपेला स्वयंपाक मी करायचा. अलिबागजवळच्या एका वाडीत माझा जुना विद्यार्थी राहतो. त्याने फोनवर सांगितले, "सर, पोपटीचे दिवस आहेत. या!" मी धारावीच्या कुंभारवाड्यातून मडके आणले, लालबागच्या मिरची गल्लीतून मसाला कुटून आणला, आणि एका शनिवारी भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत बसलो. २०२० पासून ही बोट मोटारींसकट माणसांना तासाभरात मांडव्याला उतरवते. मांडीवर मडके घेतलेला प्राध्यापक पाहून सहप्रवाशांची करमणूक झाली.

वाडीत पोचलो, तर अंगणात वीस माणसे! सरांची पोपटी म्हणून सारी भावकी लोटली होती. मी सौ.कडे ओशाळून पाहिले. तिने डोळ्यांनीच 'असू दे' म्हटले.

विद्यार्थ्याच्या आजीने मला हाताखाली घेतले. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला. त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी. मध्ये मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही; पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सारे शिजते. मग मडके जमिनीवर पालथे घालून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या. तीन काड्या माझ्या हातात विझल्या. सौ. सवयीने पुढे सरसावली, तशी आजी कडाडल्या, "तू बस गं! त्याला करू दे!"

अर्ध्या तासाने आजींनी मडक्यावर पाणी शिंपडले. ते चुर्र करून उडाले. "झाली!" मडके फोडले, तसा भांबुर्डीचा उग्र, गोडसर वास अंगणभर पसरला. पहिली पत्रावळ मी सौ.पुढे ठेवली. तिने ती शेजारच्या पोराकडे सरकवायला हात लावला, मग थांबली, आणि शेंग सोलू लागली.

मंडळी पांगायला अकरा वाजले. निखाऱ्यांपाशी आम्ही दोघेच उरलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई सर्वांत शेवटी जेवायची. स्टोव्ह विझवून, भिंतीकडे तोंड करून. तिला कुणी कधी विचारलं नाही, जेवलीस का म्हणून."

मी काही बोललो नाही. वीस वर्षांत मीही तो प्रश्न हिला विचारला नव्हता. ती शेवटी जेवते, हे रोज पाहत होतो. भिंतीकडे तोंड नव्हते, एवढाच फरक.

"तू पोटभर जेवलीस ना?" मी विचारले.

"जेवले," ती म्हणाली, आणि विझू पाहणाऱ्या निखाऱ्यांवर तिने एक गोवरी सरकवली.

आता रात्री पहिले ताट तिचे मांडायचे, असा मी नेम केला आहे. कधी विसरतो. मग मुलगी आतून नुसते "बाबा, पोपटी!" म्हणते, आणि मी उठतो.