कातेतला दुसरा माणूस

तोक्यो ऑलिम्पिकात रियो कियुना मॅटवर एकटाच होता, तरी तो कुणाशी तरी झुंजतोय असं सारखं वाटत राहिलं. ऑगस्ट २०२१, निप्पोन बुदोकान, कोविडमुळे रिकाम्या खुर्च्या. त्याने ‘ओहान दाय’ नावाची काता (कराटेतली एकट्याने करायची, ठरलेल्या हालचालींची मालिका) केली, सुवर्ण जिंकलं आणि पदक घेताना दिवंगत आईचा फोटो हातात धरला. ओकिनावाच्या माणसाला मिळालेलं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. ज्या बेटावर कराटे वाढलं, तिथलाच हा मुलगा. काता बघायला मला मनापासून आवडतं. पण बघून झालं की एक खवचट प्रश्न डोकं वर काढतोच. रात्री सामसूम गल्लीत कुणी कॉलर धरली, तर यातलं नेमकं काय कामी येणार?

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. जिममध्ये घाम गाळणारी मंडळी म्हणतात, काहीही नाही, हा नाच आहे. काळा पट्टा बांधून वीस वर्षं झालेले सर म्हणतात, सगळंच त्यात आहे, फक्त श्रद्धा हवी. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात.

खरी भानगड शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी झाली. ओकिनावात हे शिक्षण घराच्या अंगणात, बहुतेक वेळा गुपचूप, गुरू आणि एक-दोन शिष्य अशा बेताने चालायचं. आन्को इतोसू या वयोवृद्ध गुरूंनी ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाळांमध्ये नेलं. मोठा वर्ग, समोर एक मास्तर, मोजणीवर हलणारे हात. लहान मुलांसाठी त्यांनी पिनान नावाच्या पाच काता बसवल्या. मुलांना डोळ्यांत बोटं घालायला किंवा मान पिरगळायला शिकवणं शाळेत शोभलं नसतं, म्हणून हालचाली राहिल्या आणि त्यांचे धारदार अर्थ मागे पडले. मात्र याच इतोसूंनी १९०८ साली शिक्षण खात्याला लिहिलेल्या दहा कलमांच्या पत्रात बजावलं होतं की ही विद्या गुंड आडवा आला तर इजा टाळण्यासाठी आहे. प्रत्येक हालचाल कशासाठी आणि कोणत्या प्रसंगी, हे समजून घ्या. बरंचसं तोंडीच सांगितलं जातं, असंही त्यांनी त्यात नोंदवलं. कवायत सगळीकडे पसरली. तोंडी सांगायचं ते बऱ्याच ठिकाणी सांगायचं राहूनच गेलं.

फुगडीतली एक मुलगी काढून घ्या आणि उरलेलीला तशीच मागे झुकून, हात ताणून गिरकी घ्यायला सांगा. बघणाऱ्याला वाटेल, ही असं का करतेय? कातेचं नेमकं हेच झालं आहे. जोडीदार गेला, त्याच्या वजनाने आलेला बाक तेवढा उरला.

नाईहांची ही काता घ्या. शोतोकान शैलीवाले तिला तेक्की म्हणतात. पाय फाकवून, जणू भिंतीला पाठ लावून, आडवंच सरकत ती करायची असते. सुरुवातीलाच एक हात बाजूला पसरतो आणि लगेच दुसऱ्या हाताचं कोपर येऊन त्याच तळव्यावर आदळतं. क्लासमध्ये पोरं हे टाळी वाजवल्यासारखं करतात, आवाजही छान येतो. आता त्या तळव्याच्या जागी माणसाचं डोकं कल्पून पाहा. बाजूला गेलेला हात समोरच्याच्या मानेमागे गेला, त्याने डोकं खेचून आणलं आणि कोपर त्यावर बसलं. तळवा म्हणजे डोकं धरून ठेवणारा हात. पुढे दोन्ही मुठी कमरेशी एकावर एक येतात. हवेत ती पोझ वाटते. दंड धरून माणसाला स्वतःकडे ओढल्यावर मुठी बरोबर तिथेच येतात. एका कातेच्या एवढ्या तुकड्यात तीन-चार गोष्टी आहेत आणि त्यातली एकही दोन हात अंतरावरून करायची नाही.

अंतराचा हा मुद्दा फार कुणी बोलत नाही. १९२२ मध्ये ओकिनावातले गुरू गिचिन फुनाकोशी तोक्योला गेले, पुढे विद्यापीठांत क्लब निघाले, १९५७ मध्ये जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. स्पर्धेत दोघे लांब उभे राहतात, झेप घेतात, गुण मिळवतात, पुन्हा लांब. मग कातेचा अर्थही त्याच अंतरावरून लावला जाऊ लागला: तो लांबून पाऊल टाकून सरळ ठोसा मारणार, मी हात खाली झाडून अडवणार. रस्त्यावर असा पाऊल टाकून ठोसा मारणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तिथे कॉलर धरतात, केस धरतात, मागून कवटाळतात, ढकलतात, नाहीतर एका हाताने धरून दुसऱ्याने बदाबदा मारतात. पॅट्रिक मॅकार्थी, इयन अॅबरनेथी अशा आजच्या अभ्यासकांनी आधी रोजच्या मारहाणीच्या पद्धती पाहिल्या आणि मग काता वाचली. माझ्या मते वाचायचा क्रम हाच.

अशा वाचनात कमरेशी जाणारी मूठ सगळ्यात आधी बोलू लागते. एक हात ठोसा मारतो तेव्हा दुसरा कमरेकडे खेचला जातो. याला हिकिते म्हणतात. ‘त्याने ठोशाला जोर येतो’ असं सांगितलं जातं. बॉक्सर हात कमरेशी नेत नाही आणि त्याचा ठोसा काही कमजोर नसतो. खेचणारा हात रिकामा नसतोच. त्यात समोरच्याची बाही आहे, मनगट आहे. माणूस पुढे ओढला जातो, तोल जातो आणि मारायचं ठिकाण आपणहून पुढ्यात येतं.

हेईआन शोदान ही शोतोकानमध्ये बहुतेकांची पहिली काता. तिच्या सुरुवातीलाच, दुसऱ्या वळणानंतर, पुढचा पाय मागे येतो, हात झटक्यात आत ओढला जातो आणि मूठ गोल फिरून हातोड्यासारखी खाली येते. कुणाला तरी मनगट घट्ट धरायला सांगा आणि हे करा. नुसत्या दंडाच्या ताकदीने सुटत नाही. पायासकट अख्खं अंग मागे आलं की पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात निसटतो आणि मूठ त्याच वाटेने त्याच्या हातावर किंवा तोंडावर पडते. आठ वर्षांची पोरं हे रोज करतात. बऱ्याच जणांचं मनगट मात्र कुणी कधी धरलेलं नसतं.

आता दुसऱ्या बाजूची अतिशयोक्ती. ‘बुनकाई’, म्हणजे कातेचा उलगडा, हा हल्ली हौसेचा विषय झालाय. सांघिक कातेच्या पदकफेरीत बुनकाई करून दाखवायची असते. तिथे एकजण दुसऱ्याच्या अंगाला पायांची कात्री घालून उडतो, टाळ्या पडतात. व्हिडिओंत हल्लेखोर एक ठोसा मारून पुतळ्यासारखा थांबतो आणि सर त्याच्यावर सात प्रयोग करतात. एका हालचालीचे पंधरा अर्थ सांगणाऱ्याला मी एवढंच विचारेन, समोरचा झगडत असताना यातले किती चालतात? घाबरलेल्या माणसाच्या बोटांचं कसब आधी जातं, हात थरथरतात. टिकतं ते ढोबळ काम: ओढणं, ढकलणं, कोपर, गुडघा आणि पळणं. नाईहांची भांडणाऱ्यांना जवळची वाटते ती त्यामुळेच. चोकी मोतोबू हा ओकिनावातला नामांकित मारकुटा. तरुणपणी नाहाच्या त्सुजी वस्तीत भांडणं शोधत फिरायचा असं सांगतात. त्याचा सगळा भर या एका कातेवर होता. पन्नाशी उलटल्यावर क्योतोत त्याने एका परदेशी बॉक्सरला लोळवलं. १९२५ मध्ये ‘किंगु’ मासिकाने ती हकिगत छापली, पण चित्रांत चेहरा दिला फुनाकोशींचा. मोतोबू आयुष्यभर धुमसला असेल तर नवल नाही.

आणि फुनाकोशी? तेक्कीच्या तीन काता शिकायला त्यांना सुमारे दहा वर्षं लागली. आत्मचरित्रात त्यांनी म्हातारपणचा एक प्रसंग सांगितला आहे. युद्धानंतरचे भुकेचे दिवस, रात्रीची वेळ, एक लुटारू त्यांचीच छत्री उगारून अंगावर आला. गुरुजी खाली वाकले आणि त्याच्या जांघेतला नाजूक भाग मुठीत धरला. तेवढ्यात गस्तीचा पोलीस आला. मला ही गोष्ट कुठल्याही पदकापेक्षा मोलाची वाटते. ना झेप, ना आरोळी. वाकणं, धरणं आणि मदत येईपर्यंत न सोडणं. पुढे त्यांनी या आक्रमकपणाची लाज वाटल्याचंही लिहिलं. मला विचाराल तर लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कुठे थांबायचं हा प्रश्न मात्र आपल्यालाही सुटलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. हक्क पक्का आहे, पण बचावापुरताच. गरजेपेक्षा जास्त इजा कायद्याला मान्य नाही. हात सुटला, समोरचा खाली पडला, त्यानंतर घातलेली लाथ स्वसंरक्षणात बसणं कठीण. क्लासमध्ये हे कुणी सांगताना दिसत नाही.

समग्र शिक्षा योजनेत शाळकरी मुलींसाठी ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ तीन महिने चालतं. एवढ्या वेळात पाच काता आणि एक प्रात्यक्षिक बसवण्याचा मोह आवरा, ही शिकवणाऱ्या सर-मॅडमना विनंती. एक काता घ्या. तिच्यातल्या दोन-तीन जागा निवडा: मनगट सोडवणं, केस धरल्यावर जवळ शिरणं, मागून कवटाळल्यावर कोपर. मुलींच्या जोड्या लावा आणि पकडणारीला सांगा, मैत्रीण म्हणून सोडायचं नाही, खरंच घट्ट धरायचं. सुटलेली मुलगी तिथे पवित्रा घेऊन उभी राहू नये. तिला ओरडत दारापर्यंत पळायला लावा, आणि ते पळणंही सरावात धरा.