हरिहरेश्वरची काळी छत्री

दिवेआगरची वाळू, श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या, रात्रीच्या जेवणातली सोलकढी, सगळं झकास झालं. पण मला सांगायचंय ते हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या गोट्यांबद्दल.

देवळामागून पायऱ्या कड्याच्या फटीतून थेट समुद्रावर उतरतात. ओहोटी असेल तरच उतरायचं. भरती लागली की तो कातळ माणसांचा नाही. खाली आलेली मंडळी क्षितिजाकडे पाठ करून फोटो काढून घेतात. मला क्षितिजाचं कधीच फारसं वेड नव्हतं. मी पायाखाली बघत चालते, आणि इथे तर पायाखालीच सगळा ऐवज आहे. खारं पाणी दगडात मुरतं, उन्हाने वाळतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण उचकटून काढतात. त्यातून अख्खा कातळ मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कोरला गेलाय. त्या खळग्यांमध्ये लाटांनी आणून टाकलेले गोटे. काळ्या गोट्यांवरचे पांढरे ठिपके बघून मी खालीच बसले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरल्या. एवढं जुनं काही तळहातावर मावतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

त्या दिवशी ओहोटी नेमकी भर उन्हात होती. गोटा कोरडा असला की राखी दिसतो. त्यावर पाण्याचा पातळ थर आला की पृष्ठभागावर विखुरणारा प्रकाश आत शिरतो आणि तपकिरी, हिरवट, जांभळट छटा वर येतात. पण त्याच ओल्या थरावर ऊन पडलं की पांढऱ्या ठिणग्या उठतात आणि फोटोत तिथे नुसती भोकं दिसतात. पाण्यावरची चकाकी पोलरायझर फिल्टर मारतो, पण तिरक्या कोनातून. बरोबर वरून, काटकोनात बघितलं तर त्याचा उपयोग नाही. मला तर वरूनच हवं होतं, कारण इतक्या जवळून फोकसची खोली जेमतेम काही मिलिमीटर असते. कॅमेरा गोट्यांना समांतर ठेवला तरच सगळे गोटे रेखीव येतात.

तेवढ्यात माझ्यावर सावली पडली.

“ताई, डोकं तापेल हो. करा तुमचं काम, मी धरतो.”

प्रदक्षिणेला निघालेले एक आजोबा. धोतर खोचलेलं, वहाणा हातात, आणि डोक्यावर खास कोकणी मोठी काळी छत्री. ती त्यांनी माझ्यावर धरली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर गोट्यांचा रंगच पालटला. ऊन तर अडलंच, शिवाय पाण्यात आता आभाळाऐवजी छत्रीचं काळं पोट उमटत होतं. चकाकी गेली, छटा वर आल्या.

“जरा डावीकडे घ्याल?” मी म्हटलं. त्यांनी घेतली, आणि मग ते स्वतःच वाकून पडदा बघू लागले. थोड्या वेळाने पलीकडचा एक सुरेख लालसर गोटा उचलून त्यांनी खळग्याच्या मधोमध ठेवला. “हा घ्या, याने शोभा येईल.”

मला ते चालत नाही. लाट गोट्याला लोटत लोटत सर्वांत स्थिर बाजूवर बसवते, कडेला रेव ठासते. हाताने ठेवलेला गोटा टेकलेला असतो, बसलेला नसतो. मी त्यांना पडद्यावर मोठं करून दाखवलं: लाल गोट्याखाली काळी फट, अंगाला कोरडी वाळू.

आजोबांनी नीट बघितलं. “पाहुणा आहे खरा,” म्हणाले, आणि गोटा जिथून घेतला होता तिथे नेऊन ठेवला. भरती चढेपर्यंत ते उभे होते. छत्री या हातातून त्या हातात घेत त्यांनी मलाच एकेक खळगा दाखवला: इथे फार गर्दी, इथे एकटाच आहे, हा बघा चांगला. त्यांची नजर माझ्याहून तयार होती.

परतल्यावर संगणकापुढे बसले. सावलीत आभाळाचा निळा प्रकाश उरतो, म्हणून काळे गोटेही निळसर आले होते. एका फोटोच्या कोपऱ्यात आजोबांच्या धोतराचा काठ होता. तो पांढरा धरून रंग जुळवले, तर गोटे पिवळट झाले. धोतराला नीळ दिलेली असणार. मग कातळाचा करडा धरला आणि रंग जागेवर आले. रंग भडक करण्याची पट्टी मी हलवत नाही, फक्त काळा थोडा खोल करते. फ्रेमची कड एखाद्या गोट्याला निसटती चाटून जात असेल तर गोटा तरी पुरता आत घेते, नाहीतर अर्ध्यात कापते.

सर्वांत चांगल्या फोटोत दोन गोट्यांमध्ये मासेमारीच्या जाळ्याचा निळा नायलॉनचा धागा अडकलाय. तो पुसणं सोपं होतं. पण लाल पाहुण्याला बाहेर ठेवायचं, तर समुद्राने स्वतः आणलेल्या धाग्याला हात लावायचा मला काय हक्क? मोठ्या आकारात छापला तेव्हाही तो तसाच ठेवला.