वाफेचा लगाम

बेल्लमपल्ली हे कोळशाचे गाव. ज्या गावाचा संसारच कोळशावर उभा राहिला, तेथील माणसास आग, पाणी आणि वाफ यांची ओळख करून द्यावी लागत नाही. म्हणूनच इटलीतील एस्प्रेसो कॉफीच्या यंत्राची हकिकत वाचताना ती मला परक्या देशाची वाटली नाही.

लग्नसमारंभातील फुसफुसणारे कॉफीयंत्र आपण सर्वांनीच पाहिले आहे. त्याच्या नळीतील वाफ दुधात सोडली की पेल्यावर फेस चढतो, आणि त्यालाच आपण एस्प्रेसो म्हणतो. इटलीत मात्र एस्प्रेसो म्हणजे मागणी होताच दाबाने काढलेली, दोन घोटांची दाट काळी कॉफी.

माझ्या आजोबांचे सारे आयुष्य खाणीवरील बॉयलरपाशी गेले. एका लग्नात आम्ही मुले अशाच यंत्राभोवती गर्दी करून उभी होतो. आजोबांनी आम्हांस मागे सारले व आचाऱ्यास विचारले, “अरे बाबा, याची झडप कुठे आहे?” वाफ वाया जाऊ नये म्हणून ती झडप तारेने करकचून बांधलेली होती! आजोबांनी आच बंद करविली, दाबाचा काटा शून्यावर येईतो वाट पाहिली आणि मगच तार सोडविली. “म्हाताऱ्यांना लग्नातही खाणच दिसते,” असे म्हणून पाहुणे हसले. कॉफीस अर्धा तास उशीर झाला. पण सगळी मुले धडधाकट घरी परतली.

इटलीतील यंत्राचा इतिहासही वाफेला आवर घालण्याचाच आहे. तूरिनचे अंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली वाफेच्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी एकेक पेला काढून देणारे यंत्र सिद्ध केले आणि देसिदेरिओ पावोनी यांनी ते बाजारात आणले. ती यंत्रे म्हणजे तांब्यापितळेचे झगझगीत मनोरेच. कित्येकांच्या घुमटावर पंख पसरलेला गरुड असे. लेओनेत्तो काप्पिएल्लो यांच्या १९२२ सालच्या प्रसिद्ध जाहिरात-चित्रात तर आगगाडीतून झुकलेला प्रवासी यंत्रातून कॉफी घेताना दिसतो. वाफेच्या युगाचा सारा तोरा त्यात आहे.

परंतु तीच वाफ कॉफीस करपट चव आणी. अकिले गाज्जिया यांनी १९४७ साली पेटंट घेतलेल्या रचनेत कॉफी काढण्याचे काम वाफेकडून काढून घेतले. दांडा ओढला की स्प्रिंग दाबली जाई, आणि सुटताना ती दट्ट्याने गरम पाणी कॉफीच्या चुऱ्यातून जोराने ढकली. पेल्यावर सोनेरी साय आली ती तेव्हापासून. पुढे गिओ पोन्ती यांनी पावोनीच्या यंत्राचा बॉयलर आडवा केला आणि मनोरा खाली उतरला. १९६१ साली ‘फाएमा’च्या यंत्रात विजेच्या पंपाने वातावरणाच्या सुमारे नऊपट दाब दिला, त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून त्यास ‘ई-६१’ हे नाव मिळाले.

मित्रहो, घुमटावरचा गरुड दुरूनही दिसतो. झडप मात्र शोधावी लागते. शक्ती निर्माण करणाऱ्याचे कौतुक जग आपण होऊन करते. तिला वेळीच वाट करून देणाराची आठवण निदान आपण कोळशाच्या गावातील मुलांनी तरी ठेवावी.