सिस्टिममध्ये नाही ते

व्यवस्थापनशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला होता. त्यातल्या ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स’ या प्रकरणाला मी शीर्षक दिलं, ‘माहिती यंत्रणा’. चार दिवसांत विषयतज्ज्ञ प्राध्यापकांचा फोन आला.

“मॅडम, भाषा छान उतरलीय. पण यंत्रणा म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे मशीन येणार. आमचा विषय मशीनचा नाही हो. हेच समजावून सांगण्यात माझी नोकरी संपत आली.”

मी म्हटलं, “सर, पूर आला की ‘सरकारी यंत्रणा कामाला लागली’ असं आपण म्हणतोच ना? त्यात तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत माणसंच असतात.”

ते हसले, पण त्यांना पटलं नाही. दुसरा शब्द शोधते म्हणाले आणि फोन ठेवला.

शब्द शोधणं सोपं नव्हतं. हिंदी आणि बंगाली वाचकाला ‘यंत्रणा’ म्हणजे यातना. माझ्या कोलकात्याच्या मैत्रिणीला ‘माहिती यंत्रणा’ ऐकून हसू आवरेना. ‘प्रणाली’ मूळ संस्कृतात पाण्याचा पाट. माहिती इकडून तिकडे वाहून नेणारा पाट, एवढंच त्यातून ध्वनित होतं. ‘व्यवस्था’ म्हटलं की माणसं, नियम, सत्ता सगळं आलं, पण संगणक कुठल्या कुठे गेला. प्रत्येक शब्द विषयाला आपल्याकडे ओढत होता. शब्द ठरवायचा तर आधी विषय म्हणजे काय ते ठरवायला हवं होतं. म्हणून वाचायला बसले, आणि लक्षात आलं की त्या विषयातल्या लोकांचंही हेच भांडण चालू आहे.

हा विषय तसा तरुण. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस पीएच.डी.पर्यंत नेला. १९७७मध्ये तिथूनच ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे नियतकालिक निघालं. १९८०मध्ये फिलाडेल्फियात पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिथेच पीटर कीन यांनी नेमके अडचणीचे प्रश्न विचारले: आपण कोणत्या विद्याशाखांच्या आधारावर उभे आहोत? एकाच्या कामावर दुसऱ्याचं काम रचलं जाईल अशी परंपरा आपण कशी घडवणार? बारशालाच कुळाची चौकशी!

वीस वर्षांनंतरही उत्तर सापडलेलं नव्हतं. वांडा ऑर्लिकोव्स्की आणि सुझन आयाकोनो यांनी २००१मध्ये एका प्रमुख नियतकालिकातले दहा वर्षांचे १८८ लेख तपासले. अनेक लेखांत तंत्रज्ञानाचं नाव होतं, पण ते प्रत्यक्ष काय आहे, कसं घडतं, याचा फारसा विचार नव्हता. २००३मध्ये इझाक बेनबसात आणि रॉबर्ट झमुड यांनी ‘ओळखीचं संकट’ हाच शब्द शीर्षकात घालून लेख लिहिला. विषयाचा गाभा ठरवा, गाभ्याबाहेरचं इतरांना सोडा, नाहीतर विद्यापीठात आपल्याला कोणी ओळखणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी काले ल्यूटिनेन आणि जॉन किंग यांनी उलट बाजू मांडली: सिद्धान्ताचा गाभा नसला तरी चालेल, प्रश्न महत्त्वाचे असतील आणि उत्तरं भक्कम असतील, तर मान मिळतो.

हे वाचताना मला परक्या घरात शिरल्यासारखं वाटलं नाही. मी तौलनिक साहित्यात एम.ए. केलं. आमच्याकडे रेने वेलेक यांनी १९५८मध्येच चॅपल हिलच्या परिषदेत सांगून टाकलं होतं, की या विषयाला स्वतःचं क्षेत्र आणि स्वतःची पद्धत अजून ठरवता आलेली नाही. नोकरीच्या मुलाखतींत मला विचारत, “पण तुमचं नेमकं स्पेशलायझेशन काय?” मी शिकले तो विभाग पुढे इंग्रजी विभागात विलीन झाला. ग्रंथालयातलं आमचं कपाटही तिकडे गेलं. म्हणून ‘गाभा ठरवा’ म्हणणाऱ्यांना मी हसू शकत नाही. गाभा दाखवता आला नाही की जागा जाते, पदं जातात, हे मी पाहिलंय.

तरीही माझं मन दुसऱ्या बाजूला झुकलं, ते एका अभ्यासामुळे. जेफ वॉल्शम आणि संदीप सहाय यांनी भारतातल्या जिल्हा प्रशासनात संगणकीय नकाशांची प्रणाली आणण्याच्या प्रयत्नांवर १९९९मध्ये लिहिलं. पडीक जमिनीच्या नियोजनासाठी हे तंत्रज्ञान आणलं जात होतं. ते नकाशावरून विचार करणारं प्रशासन गृहीत धरत होतं. इथल्या कारभाराला ती सवय नव्हती, आणि खात्याखात्यांत समन्वय नव्हता. अडलं ते यंत्रात की माणसांत? अशी फोड केली की अडचणच हातून निसटते. ती दोघांच्या सांध्यात होती, आणि सांध्याकडे बघायला संगणकशास्त्राला सवड नाही, समाजशास्त्राला उत्साह नाही.

याचा अनुभव मला परवाच आला. एका संस्थेत अनुवादकांच्या यादीत नाव नोंदवायला गेले होते. फॉर्म संगणकावर. ‘पदव्युत्तर विषय’ या रकान्यात इंग्रजी होतं, मराठी होतं, भाषाविज्ञान होतं. तौलनिक साहित्य नव्हतं. समोरची मुलगी म्हणाली, “मॅडम, सिस्टिममध्ये नाही ते. ‘इतर’ करू का?”

“पण माझ्या पदवीवर तोच विषय आहे.”

“हो, पण सिस्टिम घेत नाही ना.”

तिच्या त्या एका शब्दात समोरचा पडदा होता, कुणीतरी कुठेतरी बसून केलेली यादी होती, ती बदलायचा अधिकार नसलेली ही मुलगी होती आणि माझी वीस वर्षं होती. विषयाचा गाभा फक्त पडद्यापुरता ठरवला, तर बाकीच्याचा अभ्यास कोणी करायचा?

घरी येऊन प्राध्यापकांना फोन केला आणि हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मॅडम, हे उदाहरण पुस्तकात घालता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आपण अनुवाद करतोय.” शब्दाचं काय, विचारलं. “प्रणाली ठेवा. अभ्यासक्रमात तोच छापलाय. पोरांना परीक्षेत तोच लिहायचाय.”

मी ‘प्रणाली’ ठेवला. फॉर्मवर ‘इतर’ केलं.