ड्रोन की लेन्स? मांडव ते महेश्वर

दिवाळीचा बोनस येणार असला की आमच्या घरी दोन याद्या तयार होतात. बायकोच्या यादीत गीझर, पडदे अशा कामाच्या वस्तू असतात. माझ्या यादीत यंदा दोनच ओळी होत्या: कॅमेऱ्याचा ड्रोन किंवा ७०-३०० ची लेन्स. दोघांची किंमत थोडी इकडेतिकडे, त्यामुळे एकच घ्यायचं हे ठरलेलं होतं. कोणतं, यावर घरात मतदान झालं. आठ वर्षांच्या मुलीचं मत ड्रोनला, बायकोचं मत गीझरला. आई म्हणाली, "जे घेशील त्यानं मला नर्मदामाई दाखव म्हणजे झालं."

आईचं बोलणं नुसतं गमतीचं नव्हतं. नर्मदा परिक्रमा करायची तिची फार वर्षांची इच्छा होती. बाबा निवृत्त झाले की जाऊ, नातीला शाळेत घातलं की जाऊ, असं करत करत गुडघ्यांनी दगा दिला. आता इंदूरहून गाडीनं जाऊन घाटावर बसायचं, एवढंच तिच्या हाती उरलं आहे. म्हणून दसरा आणि दिवाळीच्या मधल्या शनिवार-रविवारी आम्ही मांडव आणि महेश्वर गाठायचं ठरवलं. ऑफिसातला एक मित्र त्याचा रीतसर नोंदवलेला ड्रोन घेऊन सोबत आला आणि लेन्स मी दोन दिवसांसाठी भाड्यानं आणली. आमच्या धंद्यात कोणतंही सॉफ्टवेअर आधी चाचणीला लावतात, मगच पैसे मोजतात. तोच न्याय इथे.

निघण्याआधी एक काम केलं. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाईलमध्ये तो किती फोकल लेंथला काढला, हे नोंदलेलं असतं. छोटासा प्रोग्राम लिहून माझ्या पाच वर्षांच्या फोटोंची मोजणी केली. माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आहे. आलेखात सर्वांत उंच खांब ५५ वर उभा होता. म्हणजे बहुतेक वेळा मी लेन्स टोकापर्यंत फिरवतो आणि पुढे जायला जागाच उरत नाही. ही नोंद मनात ठेवून पोहे-जलेबी खाऊन सकाळी निघालो.

इंदूरहून धारमार्गे मांडव साधारण १०० किलोमीटर. धार म्हणजे पवारांचं संस्थान, त्यामुळे तिथून जाताना आपल्या माणसांच्या गावातून जातोय असंच वाटतं. मांडवचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. वर पोचता पोचता रस्त्याच्या कडेला गोरखचिंचेची जाडजूड झाडं दिसू लागतात. तिथे तिच्या फळाला मांडवची इमली म्हणतात. मुलीनं एक फोडून चाखली आणि तोंड वाकडं करून उरलेली आजीच्या हातात दिली.

जहाज महाल म्हणजे ड्रोनसाठीच बांधलेली इमारत, असं कुणालाही वाटेल. सुमारे १२० मीटर लांब, एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव. पावसाळ्यानंतर दोन्ही भरलेले असले की महाल खरोखर नांगर टाकून उभा असल्यासारखा दिसतो. पण मांडवची ही स्मारकं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत आणि तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. मित्राचा ड्रोन पिशवीतच राहिला. मग आम्ही शेजारच्या तवेली महालाच्या गच्चीवर गेलो. तिथून अख्खा जहाज महाल पाण्यासकट समोर येतो. जहाज महालाच्या गच्चीवर चढलं तर खालचा पाकळ्यांचा हौद वरून दिसतो आणि पाणी संथ व्हावं म्हणून केलेले नागमोडी पन्हळही पायाशीच असतात. सुलतान घियासुद्दीन खिलजीच्या काळातले हे बांधकाम करणारे लोक वरून बघण्याचा विचार आधीच करून गेले होते. आम्हाला फक्त पायऱ्या चढायच्या होत्या.

पायऱ्यांचाच प्रश्न रूपमती महालापाशी आला. हा महाल पठाराच्या दक्षिण कडेवर आहे. मुळात ती पहाऱ्याची जागा होती, पुढे बाजबहादूर आणि रूपमतीचं नाव तिला चिकटलं. रूपमती रोज इथून नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे, असं सांगतात. कडा एकदम निमाडात कोसळतो आणि हवा स्वच्छ असेल तर पार क्षितिजाशी नर्मदेची रेघ दिसते. आईनं चढाकडे पाहिलं, गुडघ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी रेवाकुंडापाशी बसते. तिथलं पाणीही माईचंच मानतात."

वर वारा चांगलाच होता. १८-५५ मधून पाहिलं तर नदी म्हणजे धुरकट राखाडी ओरखडा. ७०-३०० लावली, ३०० पर्यंत फिरवली आणि कठड्यावर कोपर टेकवून श्वास रोखला. नदीचं एक वळण उन्हात चकाकताना मिळालं, अलीकडे झाडांची काळी रांग. फोटो काही बक्षीस मिळवणारा नव्हता. लांबच्या हवेतली धूळ कोणतीच लेन्स पुसू शकत नाही. पण पाणी हे पाणी म्हणून ओळखू येत होतं.

मित्र शेजारी उभा राहून हळहळत होता, "इथून ड्रोन सोडला असता तर काय दिसलं असतं!" आम्ही तिथेच हिशेब मांडला. अशा छोट्या ड्रोनची लेन्स साधारण २४ मिलिमीटर इतकी रुंद दृश्य घेणारी असते. माझ्या कॅमेऱ्यावर ३०० ची लेन्स ४५० सारखी वागते. म्हणजे त्याच जागेवरून नदी ड्रोनच्या चित्रापेक्षा जवळपास १९ पट मोठी दिसते. सर्वसाधारण मर्यादा १२० मीटरची. तेवढं आणखी वर गेल्यानं दृश्य मोठं होतं, नदी जवळ येत नाही. आमच्यापुढच्या प्रश्नात उंची आणि जवळीक या दोन गोष्टींची गल्लत होत होती. उंची मांडवकडे भरपूर आहे. आम्हाला हवी होती जवळीक.

खाली येऊन आईला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. तिनं चष्मा वर केला, पडद्यावर हाताची सावली धरली आणि बराच वेळ पाहिलं. मग कॅमेऱ्यालाच नमस्कार केला. मुलगी हसली, तर तिलाही करायला लावला.

ड्रोनलाही न्याय मिळायला हवा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरून गुजरीवरून धामनोदच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतात थांबलो. डिजिटल स्कायच्या नकाशात तो भाग हिरवा आहे ना, हे मित्रानं आधीच तपासलं होतं. ड्रोन वर गेला आणि खरं सांगतो, मी गप्प झालो. कापसाची शेतं, वेचणीला वाकलेल्या बायकांच्या रंगीत ओढण्या, पाटाच्या पाण्याच्या रेघा. जमिनीवरून यातलं काहीच असं दिसत नाही. महेश्वरजवळच्या सहस्रधारेलाही, जिथे नर्मदा खडकांतून असंख्य धारांनी फुटते, अशीच वरून पाहणारी नजर हवी. शेतावरचे आजोबा पडद्यात बघून म्हणाले, "माझा बांध सरळ आहे म्हणायचा!" आई मात्र विचारत होती, "यात मी कुठली?" मित्रानं बोट ठेवून एक पांढरा ठिपका दाखवला.

दुपारी महेश्वर. १७६६ साली मल्हारराव गेल्यानंतर अहिल्याबाईंनी राजधानी इथे आणली आणि १७९५ मध्ये इथेच देह ठेवला. घाट, किल्ला आणि देवळं एका नजरेत बघायची तर नाव करून नदीत जायचं, हा इथला जुना उपाय. पात्राच्या मधल्या बाणेश्वराकडे जाताना आई नावेत बसूनच सगळा घाट बघत होती आणि मी लांबच्या लेन्सनं घाटावरची माणसं टिपत होतो: दिवा सोडणारी नवी नवरी, सोवळं वाळत घालणारे गुरुजी, दगडी भिंतीवरची नक्षी. महेश्वरी साडीच्या काठावरच्या लहर, चटई, वीट या नक्षी या वास्तूंवरूनच उचललेल्या. संध्याकाळी रेहवा सोसायटीतले माग बघताना तोच काठ धाग्यांत उमटताना दिसला. तिथे मात्र ७०-३०० कमी पडली. खोलीत उजेड थोडा आणि ही लेन्स प्रकाश कमी आत घेते, त्यामुळे जुनी १८-५५ च कामाला आली.

परतीच्या वाटेवर निर्णय झाला: लेन्स. कारणं तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून लिहितो. आमच्या सहली देवळं, किल्ले आणि घाटांच्या, जिथे ड्रोनला बहुधा परवानगी लागते. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक परवाना लागत नाही हे खरं, पण कुठे उडवायचा याचे नियम त्यालाही आहेतच. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा कुणी परदेशातून आणून देतो म्हणालं तर आधी कागद तपासा आणि दुरुस्ती कुठे होईल ते विचारा. लेन्सला ना बॅटरी, ना नोंदणी. कॅमेरा बदलला तरी ती बरीच वर्षं साथ देते. तुमची शेती असेल, किंवा मोकळ्या रानातून, नदीकाठच्या वाटांनी फिरणं असेल, तर उत्तर ड्रोन येऊ शकतं. आधी आपल्या जुन्या फोटोंची मोजणी करा आणि दोन्ही वस्तू एक दिवस मागून वापरून बघा.

मांडवला जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर लगेच जा. भर पावसात पठार सुंदर असतं, पण ढगांत नदी दिसत नाही. आणि सोबत आईवडील असतील तर रेवाकुंडापाशी सावलीची जागा आधी बघून ठेवा. रूपमती महालातला आमचा तो फोटो आता देवघराच्या शेजारच्या भिंतीवर आहे. गीझर पुढच्या बोनसला.