दोन धबधबे, दोन नावे

अमेरिकेतील अटलांटा शहरात स्थायिक झालेल्या मुलांकडे काही महिने राहण्यास जाणाऱ्या आईवडिलांची संख्या आता लहान नाही. पहिल्या पंधरवड्यात शहर पाहून होते आणि मग शनिवार-रविवारी कोठे जावे, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे एक समाधानकारक उत्तर शहरापासून मोटारीने सुमारे दोन तासांवर, जॉर्जिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे. ते म्हणजे क्लाउडलँड कॅनियन स्टेट पार्क.

हे उद्यान लुकआउट माउंटनच्या पश्चिम कडेवर वसले आहे. नावात पर्वत असला, तरी प्रत्यक्षात ते जॉर्जिया, अलाबामा आणि टेनेसी या तीन राज्यांत पसरलेले लांबलचक पठार आहे. त्यामुळे येथे गाडी थेट दरीच्या काठापर्यंत जाते. वाहनतळापासून थोडे चालले की पायाखालची जमीन एकाएकी संपते आणि कठड्यापलीकडे हजार फुटांहून खोल दरी उघडते. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आजीलाही हे दर्शन कष्टाविना घडते.

ही दरी पाण्याने कोरली आहे. पठाराच्या माथ्यावर कठीण वालुकाश्माचा थर आहे, तर त्याखाली मऊ, पापुद्र्यांचा शेल दगड. ओढ्याचे पाणी खालचा मऊ दगड आधी झिजवते, वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो आणि आधार सुटला की कोसळतो. लक्षावधी वर्षे हेच चालू आहे. डॅनियल क्रीक या ओढ्यावर अशाच पायऱ्यांवरून दोन धबधबे पडतात. त्यांपैकी चेरोकी फॉल्स सुमारे ६० फुटांचा, तर हेमलॉक फॉल्स सुमारे ९० फुटांचा आहे.

तेथे जाण्यासाठी उतरावे लागते. वाटेवर सुमारे ६०० पायऱ्या असून बऱ्याचशा लोखंडी जाळीच्या आहेत. आपल्याकडील डोंगरावरच्या तीर्थक्षेत्री आधी चढण असते. शक्ती ताजी असताना श्रम होतात आणि परतताना उतार मिळतो. येथे हिशेब उलटा आहे. उतरणे म्हणजे उचल घेणे आणि चढणे म्हणजे तिची परतफेड. उचल घेताना सारेच उत्साही असतात. म्हणून खाली जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या दमाचा विचार करावा, पाणी सोबत घ्यावे आणि दमल्यास पहिल्या धबधब्यावरूनच मागे फिरावे. त्यात कमीपणा नाही. धबधब्याखालच्या कुंडात उतरण्यास मनाई आहे. हिवाळ्याच्या अखेरीस, वसंतात आणि चांगल्या पावसानंतर पाणी भरपूर असते. ऑगस्ट-सप्टेंबरात धार बारीक होते. मात्र ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून काठावरील जंगल लाल-पिवळे होऊन ती उणीव भरून काढते.

या दोन धबधब्यांची नावे मात्र थांबून विचार करण्याजोगी आहेत. चेरोकी हे या प्रदेशाचे मूळ रहिवासी. ते रानटी टोळीचे जीवन जगत होते, असा समज कोणी करून घेऊ नये. सिक्वोया नावाच्या त्यांच्यातील एका कारागिराने त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली होती. १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना स्वीकारली आणि १८२८ पासून याच वायव्य जॉर्जियातील न्यू एकोटा या त्यांच्या राजधानीतून वृत्तपत्र निघू लागले. १८३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकींच्या भूमीवर लागू होत नाहीत, असा निर्णय दिला. म्हणजे कागद त्यांच्या बाजूने होता. तरीही त्याच वर्षी राज्याने त्यांच्या जमिनीचे १६० आणि ४० एकरांचे तुकडे पाडून ते गोऱ्या रहिवाशांना सोडतीने वाटले. १८३८ मध्ये सैन्याने त्यांना घराबाहेर काढले आणि हजाराहून अधिक किलोमीटर दूर पश्चिमेस धाडले. सुमारे १६,००० लोकांपैकी अंदाजे ४,००० जण या स्थलांतरात दगावले. त्या प्रवासाला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात.

दुसऱ्या धबधब्याचे नाव एका झाडावरून पडले आहे. हेमलॉक हा गर्द सावली देणारा सूचिपर्णी वृक्ष. ओढ्यांचे पाणी थंड ठेवण्याचे काम तो करतो. जपानमधून आलेला, माव्यासारखा रस शोषणारा एक सूक्ष्म कीटक १९५१ मध्ये व्हर्जिनिया राज्यात आढळला आणि तेथून पूर्व अमेरिकेत पसरत जॉर्जियातही पोहोचला. सुयांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की त्याची लागण ओळखावी. उपचार न झाल्यास उंच झाड काही वर्षांत वाळते. खतावणीत नाव राहावे आणि खातेदार नाहीसा व्हावा, तशी ही दोन नावे आहेत. फरक इतकाच की, दुसरा खातेदार अद्याप वाचवता येण्यासारखा आहे.

राज्याने येथील जमीन घेण्यास १९३८ मध्ये आरंभ केला. मंदीच्या त्या काळात सरकारी योजनेतील बेकार तरुणांनी येथील रस्ते व बांधकामे केली. या योजनेत तरुणास महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांतील साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. आज पर्यटक सुखाने गाडीतून काठावर उतरतो, त्यामागे अशा घामाची पुंजी आहे.

मुक्कामासाठी तंबूच्या जागा, कॉटेजेस आणि यर्ट नावाचे गोल तंबूघर आहे. आरक्षण बरेच आधी करावे. जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होत असल्याने, दिवसाउजेडी जेवण आटोपणाऱ्या कुटुंबांना दिवसभर फिरूनही सवड राहते. डिसेंबरात मात्र साडेपाचलाच मावळते, तेव्हा डबा लवकर उघडावा. उरलेले अन्न तंबूत न ठेवता गाडीत बंद करावे, कारण रात्री रकून हा प्राणी वासावर येतो.

परतताना नातवंडे बहुधा ‘किती पायऱ्या चढलो’ हे मोजत असतात. त्यांना ६०० हा आकडा जरूर सांगावा. पण मध्ये दम घेण्यासाठी थांबाल तेव्हा चेरोकी कोण होते आणि हेमलॉक कोणते, हेही सांगावे.